सतरा नंबरचा ताप उतरला नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

कामाच्या वहीत दिवसभर आकडे लिहायचे आणि खाली मॅडमची सही घ्यायची. या वहीत कुणाची सही नाही, म्हणून इथं तोंड सोडता येतं.

आज प्रयोगशाळेत चार उंदीर मोजून झाले. सतरा नंबरनं नेहमीप्रमाणे नाटकं केली. नळीत शिरायलाच तयार नाही. शेवटी "चला महाराज, आत व्हा" म्हणत मागून हळूच ढकलला. पेटी बंद केली, मायक्रोवेव्हच्या लहरी सुरू केल्या, आणि पंधराव्या मिनिटाला पठ्ठ्यानं शेपटीखालची ताप मोजायची तार सैल केली. दार उघडून तार बसवली न बसवली तोच पलीकडच्या खोलीत फोन वाजला. भांडारवाला. उंदरांचं खाणं या आठवड्यात येणार नाही म्हणे. मी म्हटलं, तुम्हीच या आणि उंदरांना तसं सांगा. चांगलं खडसावून परत आले तर सूनबाई पेटीच्या उघड्या दारापाशी उभी. फाईल काखेत, एक हात पोटावर, आणि वाकून सतराकडे बघतेय.

"आई, किती गोड बघतो हो हा!"

"चावला की कळेल गोड की तिखट," मी म्हटलं.

ती वर ऑफिसात मॅडमचे रिपोर्ट टाईप करते. मीच शब्द टाकून लावलीय तिला. पाचवा महिना चालू आहे, हालचाल अजून कळलेली नाही. पहिलटकरणीला उशिराच कळते. लेक जहाजावर आहे, तीन महिन्यांनी येईल, तोवर घरात आम्ही दोघी.

५ नोव्हेंबर, बुधवार

खोलीचं दार लावून लिहायला बसलेय.

मॅडमनी सकाळी सतराचा सोमवारचा आलेख माझ्यापुढं ठेवला. "मावशी, दार उघडल्यावर हा खाली का नाही आला?"

मॅडम आमच्या प्रयोगशाळेच्या मुख्य. मायक्रोवेव्हमध्ये ठेवलेलं जनावर अंगाची ऊब कशी सांभाळतं, हा त्यांचा आयुष्याचा विषय. अकरा वर्षं ऐकून ऐकून मलाही पाठ झालाय. गार पेटीत उंदीर स्वतःच्या अंगातली शेगडी पेटती ठेवतो. लहरी सुरू झाल्या की फुकटची ऊब थेट आत मिळते, मग तो शहाणा स्वतःची शेगडी मंद करतो. शिवाय शेपटी गरम करून जादा ऊब बाहेर टाकतो. लहरी बंद केल्या की शेगडी पुन्हा पेटायला वेळ लागतो, तेवढ्यात ताप दोन-तीन दशांश खाली घसरतो. प्रत्येक उंदराचा घसरतो. आलेखात खड्डा दिसतो.

सोमवारी सतराच्या आलेखात खड्डा नाही. दार उघडलं ती वेळ मीच खुणेनं लिहिलीय, बंद केलं ती वेळही. मधली सात मिनिटं रेघ सरळ वर चढत गेलीय.

"तार नीट बसली नसेल," मी म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "असेल," आणि कागद घेऊन गेल्या.

तार नीट बसली होती. मला माहीत आहे.

आता लिहूनच टाकते. पेटीच्या चौकटीत एक खटका आहे. दार उघडलं की तो सुटतो आणि यंत्र आपोआप बंद पडतं. पण मग पुन्हा सुरू करायला वीस मिनिटं, तो प्रयोग वाया, आणि त्या उंदराला चार दिवस विश्रांती. म्हणून आमच्या जुन्या वायरमननं मला पहिल्याच वर्षी युक्ती शिकवली होती. पुठ्ठ्याची घडी करून खटक्यात दाबायची. यंत्राला वाटतं दार बंदच आहे. मग आपण फक्त नॉब फिरवून लहरींच्या जोराचा काटा शून्यावर आणायचा, दार उघडायचं, तार बसवायची, दार लावायचं, काटा परत चाळीसवर. एका मिनिटाचं काम. मॅडमना याचा पत्ता नाही. "आधी शून्य, मग दार," वायरमन म्हणायचा, "हे विसरलीस तर देवच वाली."

सोमवारी मी शून्य केलं होतं का?

आठवत नाही. परत आल्यावर मी सवयीनं दार लावलं आणि नॉबला हात घातला, एवढं आठवतं. काटा तेव्हा कुठं होता ते आठवत नाही. डोक्यात त्या भांडारवाल्याशी भांडण चालू होतं.

सात मिनिटं. आणि ती दारात उभी होती, वाकून.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज कामावर नऊ वेळा काटा तपासला. उगाच. पुठ्ठा मात्र काढला नाही. काढला असता आणि मॅडमनी विचारलं असतं की आज प्रयोग सारखे का बंद पडताहेत, तर काय सांगणार होते? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

संध्याकाळी सूनबाईला म्हटलं, जरा ताप बघू तुझा. सदतीस पूर्णांक तीन. तिनं विचारलं, का हो आई? मी म्हटलं, हवा बदललीय. तिनं निमूटपणे थर्मामीटर झटकून डब्यात ठेवला.

पोटुशीचं अंग जरा गरमच असतं, हे मला कळतं. पण लहरींचा धोकाच हा की कातडीला काही कळत नाही. उन्हात उभं राहिलं तर कातडी ओरडते, माणूस सावलीला जातो. लहरी आत उतरतात आणि आतच ऊब करतात. उंदरालासुद्धा उशिरा कळतं. आणि जो आत आहे त्याला तर शेपटी नाही, घाम नाही, पळायला जागा नाही. त्याची सगळी ऊब आईच्या रक्तातून बाहेर जाणार.

जेवण गेलं नाही. तिला सांगितलं, पित्त झालंय.

९ नोव्हेंबर, रविवार

लेकाचा फोन आला. "काय म्हणतेय माझी फौज?" म्हणाला. मी म्हटलं, फौज ठणठणीत. सूनबाईनं फोन घेतला आणि हसत हसत बोलत राहिली. तिला कसली काळजी नाही हे एक बरं आहे.

फोन ठेवल्यावर भांडी पुसता पुसता तिनं विचारलं, "आई, तुमच्याकडे गाभण उंदरिणी असतात का?"

माझ्या हातातली बशी सुटली. "कशाला गं नसत्या चौकशा?"

"सहजच. रिपोर्टात कुठं दिसल्या नाहीत म्हणून."

"नसतात," मी म्हटलं. "आमचे सगळे नर."

ती काहीतरी विचार करत बसली. टायपिंग करून करून पोरींच्या डोक्यात काय काय शिरतं. मी बशीचे तुकडे गोळा केले. माझंच बोट कापलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

वजन केलं. नऊ दिवसांत अडीच किलो उतरलंय. माझं. तिचं नाही.

तिनं आज दुपारची रजा टाकली होती, बँकेचं काम म्हणून. घरी आल्यावर तिच्या पर्समधून दवाखान्याची चिठ्ठी पडली. तपासणी तर पुढच्या महिन्यात आहे. म्हणाली, लोहाच्या गोळ्या संपल्या होत्या. बाटली अर्धी भरलेली मी सकाळीच पाहिली होती. विसरभोळी झालीय, या दिवसांत होतं तसं.

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

"ठोके चांगले आहेत म्हणाली."

ठोके आहेत, म्हणजे जीव आहे. पण जीव असणं म्हणजेच सगळं नीट असणं नव्हे. आमच्याकडे एकदा एक उंदीर जास्त तापला होता. चार दिवस खात-पीत होता, हिंडत होता. पाचव्या दिवशी सकाळी पिंजऱ्यात आडवा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण मी तर तो ब्रह्मराक्षस स्वतःच्या हातानं मोजून वहीत लिहिलेला आहे.

मॅडमना सांगावं का? नोकरी जाईल. ती गेली तर गेली, पण मग सूनबाईला कळेल. आणि कळल्यावर ती उरलेले चार महिने अशीच काढणार, माझ्यासारखी. घाबरलेल्या बाईच्या पोटात मूल कसं वाढेल? नाही. हे मी एकटीनं गिळायचं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हललं! जेवताना अचानक तिनं घास खाली ठेवला, माझा हात ओढून पोटावर दाबला, आणि हुंदके देऊन रडायलाच लागली. इतकी रडली, इतकी रडली की मी घाबरले. "अगं, आनंदाची गोष्ट आहे, रडतेस काय?" तर म्हणे, "आनंदानंच रडतेय."

हळवी आहे पोर. मला काही हाताला लागलं नाही, पण तिला कळलं म्हणजे खरं.

रात्रीचा ताप सदतीस पूर्णांक चार. कालच्यापेक्षा एक दशांश जास्त.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सांगून बसले. तिला.

ठरवलं वेगळंच होतं. सकाळी ती म्हणाली, "आई, तुम्ही मला रोज थर्मामीटर लावता, रात्रीत दोनदा उठून माझ्या खोलीत डोकावता, आणि तुमच्या पानातला भात मी रोज कुत्र्याला घालते. काय झालंय ते सांगा, नाहीतर मी त्यांना फोन करून बोलावून घेते." हात कमरेवर. इतकी ठाम मी तिला कधी पाहिली नव्हती.

मग माझा बांधच फुटला. पुठ्ठा, खटका, नॉब, भांडारवाला, सात मिनिटं, सगळं सांगितलं. तिच्या तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून टेबलाकडे बघून सांगितलं.

तिनं माझ्यापुढं पाण्याचा पेला सरकवला. मग म्हणाली, "एवढंच ना? अहो, काटा शून्यावर होता."

"तुला काय माहीत?"

"मी बघितला ना. समोरच तर आहे ती तबकडी. काटा खाली, शून्यावर. म्हणून तर मी बिनधास्त उभी राहिले. मी रोज तुमचे रिपोर्ट टाईप करते आई, मला काय एवढं कळत नाही?"

मी तिला मिठीच मारली. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. ती समोर बसून मी खातेय का ते बघत होती, शाळेच्या बाईसारखी. स्वतः मात्र नीट जेवली नाही. पित्त झालंय म्हणाली.

हुश्श. बारा दिवस जीव टांगणीला लावून घेतला, आणि उत्तर घरातच बसलेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

झोप लागतेय. पुठ्ठा अजून तिथंच आहे, पण आता प्रत्येक वेळी मोठ्यानं "शून्य!" म्हणते आणि मगच दार उघडते. मॅडम एकदा बाहेरून ऐकून म्हणाल्या, "मावशी, उंदरांना गणित शिकवताय का?"

त्यांच्या डोक्यातून सतराचा आलेख गेलेला नाही. आज म्हणाल्या, "त्या दिवशी कुणी नवीन माणूस आत आलं होतं का? जनावर घाबरलं की त्याचा ताप चढतो. नुसत्या भीतीनं. कदाचित लहरी बंद झाल्यामुळं तो खाली येत होता आणि भीतीमुळं वर चढत होता, म्हणून खड्डा भरून निघाला. असं असेल तर लिहिण्याजोगी गोष्ट आहे."

मला एवढा आनंद झाला की काय सांगू. बरोबर जुळतंय! काटा शून्यावर होता, आणि सतरा माझ्या सुनेला घाबरला. "माझी सून आली होती आत, फाईल घेऊन," मी सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, उद्या करून बघू.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वॉचमनला बोलावलं. तो कधीच या खोलीत आलेला नाही, उंदरांच्या दृष्टीनं पक्का परका. सतराला आत घातलं, चाळीसवर पंधरा मिनिटं. मग मी काटा शून्यावर आणला, दार उघडलं, वॉचमन वाकून उभा राहिला. घड्याळ लावून सात मिनिटं.

खाली आला. तीन दशांश.

मॅडम म्हणाल्या, आणखी दोघांवर बघू. चौदा: तीन दशांश खाली. एकोणीस: दोन दशांश खाली. शेवटच्या वेळी वॉचमननं टाळीसुद्धा वाजवली. एकोणीस दचकला, मिशा फुरफुरवल्या, आणि तरी रेघ खालीच.

"म्हणजे भीती नाही," मॅडम म्हणाल्या. "मग त्या दिवशी लहरी चालूच होत्या की काय? पण दार उघडं असताना त्या चालू राहूच शकत नाहीत."

मी पेटीला धरून उभी राहिले. वॉचमननं मला खुर्ची दिली. म्हणाला, "मावशी, उंदीर राहिले बाजूला, तुमचाच ताप बघा."

सूनबाईची वाचण्यात चूक झाली. तिला काय कळतं काट्यातलं! लांबून बघितला असेल. बिचारी निर्धास्त आहे, आणि मला आता पक्कं ठाऊक आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

शनिवार-रविवार कसे गेले विचारू नये. रविवारच्या फोनवर लेकाला काय बोलले तेही आठवत नाही.

आज सकाळी मॅडमच्या खोलीत गेले आणि पुठ्ठ्याची घडी त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. खूप हळू आवाजात त्यांनी विचारलं, "किती वर्षं?"

"अकरा."

"आणि अकरा वर्षांत प्रत्येक वेळी आठवणीनं शून्य केलंत?"

मी म्हटलं, "माझं सोडा हो मॅडम. ती पोटुशी आहे."

त्यांनी पुठ्ठा उचलला. मग उठल्या आणि कामाला लागल्या. माणसाच्या मांसासारखी तापणारी मिठाच्या पाण्याची घट्ट जेली एका पिशवीत भरली, बाईच्या पोटाएवढी. सूनबाई उभी होती ती जागा मी दाखवली, उंची दाखवली, ती किती वाकली होती तेही दाखवलं. पिशवी तिथं टांगली. आत तीन ठिकाणी तारा, एक वरवर, एक मध्ये, एक खोल. सतराला आत घातला. खटक्यात पुठ्ठा परत दाबला, दार उघडं, काटा चाळीसवर. आम्ही दोघी भिंतीपलीकडे.

सात मिनिटं. मग मॅडम म्हणाल्या, दुप्पट करू. चौदा.

मी आकड्यांकडे बघितलंच नाही. डोळे मिटून बसले होते. मॅडमनी मला हलवलं. "मावशी, वरची तार अर्धा दशांशसुद्धा चढली नाही. खोलातली हललीच नाही. पेटीतली शक्ती एका उंदरापुरती आहे, दारातून बाहेर पडताना ती पसरते, आणि तुमची सून हातभर लांब उभी होती. शिवाय या पिशवीत रक्त फिरत नाही. माणसात फिरतं, ते ऊब लगेच वाहून नेतं. दुपारी रस्त्यावरून चालत घरी गेली असेल तर त्यात ती याहून जास्त तापली असेल."

"खात्रीनं?"

"आकडे तुमच्यासमोर आहेत. तरी हा कागद तिच्या डॉक्टरणीला दाखवा, मी सही करून देते. आणि स्वतःचीही तपासणी करून घ्या. डोळ्यांची आधी, या लहरींनी मोतीबिंदू होऊ शकतो."

मग म्हणाल्या, उद्यापासून येऊ नका, चौकशी होईल. मी बरं म्हटलं. निघताना उंदरांचं पाणी बदललं, कारण ते दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

काल घरी येऊन तिच्यासमोर कागद ठेवला. म्हटलं, "हे बघ, तुला एक सांगायचंय, पण घाबरायचं नाही. काटा शून्यावर नव्हता. चाळीसवर होता. तुझी वाचण्यात चूक झाली, त्यात तुझा काही दोष नाही." आणि मग घाईघाईनं जेलीची पिशवी, तीन तारा, सात मिनिटं, चौदा मिनिटं, सगळं.

ती उभीच होती. "खोलातली तार किती चढली म्हणालात?"

"हललीच नाही."

"पुन्हा सांगा."

पुन्हा सांगितलं. तिनं कागद घेतला, आकड्यांवरून बोट फिरवत एकेक वाचला, खालची सही वाचली. मग बोट परत वर नेऊन पहिल्यापासून वाचायला लागली. ती जमिनीवरच बसली, भिंतीला टेकून, आणि दोन्ही हातांनी पोट धरून असं रडली की त्या दिवसाचं रडणं काहीच नव्हतं.

मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, "अगं, धोका टळलाय. आता कशाला?"

"माझी चूक नव्हती झाली आई," ती म्हणाली. "काटा चाळीसवरच होता. मी बघितला होता. वर जाऊन टाईप करायला बसले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, दार उघडं आणि काटा चाळीसवर म्हणजे काय ते."

"मग शून्य का म्हणालीस?"

तिनं पदरानं नाक पुसलं. "तुम्ही जेवत नव्हतात."

तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि नुसती थोपटत बसले. तीन आठवडे ही पोर एकाच घरात, माझ्यासमोर, एकटी घाबरत होती. आणि मी रोज संध्याकाळी तिला थर्मामीटर लावत होते, आणि आलेला आकडा लिहून ठेवत होते.